गवंड्यांची हाळी

रोज सकाळी हाळी आली की सुकलाल पाटलाच्या घरातली ताटं मांडणीवर किणकिणत आणि त्याची लेक ओवी डोळे न उघडता पांघरुणातूनच ओरडे, "आली, आली!" वायूच्या विहिरीवरच्या कामगारांच्या त्या वसाहतीत सगळ्याच पोरांना हा नाद होता. जमिनीतून येणारी ती घरघर आधी तळपायाला गुदगुल्या करी, मग नडगीतून वर गुडघ्यापर्यंत चढे आणि हळूहळू विरून जाई. बाहेरगावच्या पाहुण्यांना मात्र नुसती जमीन हलल्यासारखी वाटे. ते भूकंप समजून अंगणात धाव घेत, आणि वसाहतीतली माणसं पोट धरून हसत. गुडघ्यापर्यंत काही चढतं हे पाहुण्यांना सांगूनही पटत नसे. पण पाहुण्यांना काय कळतंय म्हणून कुणी त्याचा फारसा विचार केला नव्हता.

हाळी गवंड्यांसाठी होती. तापीच्या खोऱ्यात, काळ्या पाषाणाच्या जाडजूड थरांखाली वायू दडून बसला आहे हे पूर्वीपासून माहीत होतं. अडचण एवढीच, की इतकं खोल भोक पाडणं म्हणजे ओल्या वाळूत बोट घालणं. बोट काढलं की भोक बुजलं. म्हणून जुन्या काळी भोकात पोलादी नळ उतरवत आणि नळाबाहेरच्या फटीत सिमेंट भरत. सगळा खर्च आणि निम्मे अपघात त्या नळापायी व्हायचे. डॉक्टर शर्मिष्ठा टिपणीस यांनी नळही बाद केला आणि सिमेंटही. ड्रिलचं पातं थंड राहावं आणि खडकाचा चुरा वर यावा म्हणून विहिरीतून सतत पातळ चिखल खेळवावा लागतो. बाईंनी प्रयोगशाळेत एक जंतू घडवला आणि तो त्या चिखलात सोडला. हे जंतू भोकाच्या कडेला चिकटतात, खडकातला चुना शोषतात आणि त्या चुन्याची गुळगुळीत, टणक भिंत बांधत जातात. पेटंटमध्ये त्यांचं नाव हातभर लांब होतं. विहिरीवरच्या माणसांनी पहिल्याच दिवशी त्यांना गवंडी म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे बाईही तेच म्हणू लागल्या.

पण वाटीभर चिखल पळवला की चोराच्या घरीही गवंडी! म्हणून बाईंनी एक कुलूप घातलं. विहिरीच्या तोंडाशी बसवलेलं यंत्र रोज सकाळी एका ठरावीक सुरात जमीन थरथरवतं. हीच हाळी. ती मिळत राहिली तर गवंडी भिंत सांभाळतात. बरेच दिवस मिळाली नाही, तर आपण चोराच्या हाती पडलो असं समजून बांधलेलं सगळं स्वतःच विरघळवतात आणि मरतात. सूर रोज बदलतो, आणि उद्याचा सूर कंपनीच्या मुख्यालयातल्या यंत्राशिवाय कुणालाच ठाऊक नसतो, खुद्द बाईंनाही नाही.

तापी-नऊ ही विहीर त्या दिवशी बंद व्हायची होती. वायू संपला होता. बंद करायला ना मोठी यंत्रं लागणार होती ना माणसं. हाळीचं यंत्र थांबवायचं की झालं, महिनाभरात विहीर आपोआप बुजणार. ज्या ड्रिलरने विहिरीचं पहिलं भोक पाडलं त्यानेच ती बंद करायची, असा तिथला शिरस्ता होता. तो मान मुख्य ड्रिलर म्हणून सुकलालचा. पुढच्या आठवड्यात तो बायको-मुलीला घेऊन नाशिकला जाणार होता. वैजयंताने खोकी बांधून ठेवली होती, आणि नव्या शाळेचं दप्तर पाठीला लावून ओवी घरभर मिरवत होती.

समारंभासाठी टिपणीसबाई मुद्दाम आल्या. पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला नेहमीचा काळा डबा. त्या डब्याला सगळे 'कान' म्हणत. संशयित विहिरीवर टेकवून बटण दाबलं की कान खाली बारीकसा सूर सोडतो. तिथे गवंडी असले तर ते उत्तर देतात आणि कान शिट्टी वाजवतो. बाईंबरोबर जाऊन सुकलालने असे चोर पकडले होते. त्याला त्या कामाची मोठी मजा वाटायची.

समारंभाला अजून वेळ होता. विहिरीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत चहा आला.

"नाशिकला जाताय म्हणे," बाई म्हणाल्या. "इथली सवय सुटेल का?"

"आमची सुटेल, मॅडम. पोरीचं अवघड आहे. मामाच्या गावाला गेली की आठवड्याने पाय दुखतात म्हणून भोकाड पसरते. इथे आली की दुसऱ्या दिवशी उड्या मारते." सुकलाल हसला. "तरी आमचं बरं म्हणायचं. तापी-चारवरचा उखा, आठवतो ना? त्याची विहीर दिवाळीनंतर बंद झाली, तो गेला जळगावला. तेव्हापासून नशीबच फिरलं बिचाऱ्याचं. पोरगा सायकलवरून पडला, मांडी मोडली. मग बायकोने बादली उचलली तर मनगट गेलं. काल फोनवर रडत होता. 'काय व्हयनं समजत नही भाऊ,' म्हणाला. पोरगा पलंगावर कुशीवर वळला आणि बरगडी मोडली म्हणे."

बाईंचा कप ओठांपाशी थांबला.

"कुशीवर वळला आणि मोडली?"

"हो ना. आणि हाच पोरगा इथल्या ड्रिलच्या मनोऱ्यावरून पडला होता मागे! खरचटलंसुद्धा नव्हतं. आमची सगळीच पोरं अशी दणकट. वसाहतीतल्या डॉक्टरला तर काम नाही, माशा मारत बसतो."

बाईंनी कप खाली ठेवला. "सुकलालभाऊ, नीट आठवून सांगा. तुम्ही लोक चिखल पोटात घेता का?"

"छे! चिखल कोण खाईल?" सुकलाल म्हणाला, आणि मग जरा ओशाळला. "म्हणजे, चुरा चावतो. तो सगळेच चावतात."

खडकाचा चुरा चिखलाबरोबर वर येतो आणि चाळणीवर अडकतो. तो चिमूटभर दातांखाली घ्यायचा, ही भूगर्भशास्त्रज्ञांची जुनी युक्ती. करकर लागला तर वाळू, लोण्यासारखा लागला तर निव्वळ चिकणमाती. बाईंनी स्वतः तरुणपणी शेकडो वेळा चावला होता. पण तेव्हा चुऱ्यात गवंडी नव्हते.

"चावून थुंकता ना?"

"आम्ही थुंकतो. बायका..." सुकलाल अडखळला.

"बायकांचं काय?"

"दिवस गेले की मातीचे डोहाळे लागतात ना, मॅडम. गावाकडे चुलीची भाजलेली माती खातात. इथे चुली कुठे? त्या चाळणीवरचे राखाडी खडे नेतात. वैजयंताला तर वेड लागलं होतं. ओवीच्या वेळी ओच्यात भरून न्यायची. कंपनीच्या साहेबांनी टीव्हीवर पेलाभर चिखल पिऊन दाखवला होता की! काही होत नाही म्हणाले होते."

बाईंनी डोळे मिटले.

"हाड कशाचं असतं, माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"कॅल्शियमचं. शाळेत होतं."

"कॅल्शियमचं. आणि चुनाही कॅल्शियमचाच. गवंड्यांना खडक काय, हाड काय, सारखंच. रक्तातून ते हाडात पोचले असणार आणि तिथे त्यांना जे येतं तेच त्यांनी केलं. बांधकाम." त्या सावकाश बोलत होत्या, जणू प्रत्येक शब्द स्वतःलाच ऐकवत होत्या. "म्हणून तुमची पोरं पडली तरी मोडत नाहीत. आणि रोज सकाळी हाळी जमिनीतून पायात चढते, म्हणून ते बांधकाम टिकलंय. उखाच्या विहिरीची हाळी बंद झाली..."

पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही. सुकलालच्या तोंडचं पाणी पळालं. भिंतीवर हाळीच्या यंत्राचा लाल खटका होता. त्याला सकाळीच कुणीतरी झेंडूची माळ घातली होती. आणखी तासाभराने टाळ्यांच्या गजरात तो स्वतःच्या हाताने हा खटका खाली ओढणार होता.

"बंद नाही करायची," तो ओरडला. "मॅडम, काही झालं तरी बंद नाही करायची!"

"नाही करायची," बाई उठल्या. "मी आत्ता मुख्यालयाशी बोलते. उखाच्या पोरालाही इथे आणू. जे शिल्लक आहे ते हाळीने वाचेल. तुम्ही इथेच थांबा, खटक्याला कुणाला हात लावू देऊ नका." आणि त्या जवळजवळ धावतच ऑफिसकडे गेल्या. डबा टेबलावरच राहिला.

सुकलाल खटक्यापुढे उभा राहिला. माळ ओढून त्याने फेकून दिली. दारातून ओवी आत आली, समारंभाचा पेढा खात, पाठीला ते दप्तर. ती त्याच्या कमरेला बिलगली. तिच्या दंडाला हात लागताच त्याला शहारा आला. हे हाड कुणाचं? पोरीचं की कंपनीचं? कदाचित बाई चुकत असतील. कदाचित वैजयंताने नुसतेच खडे चघळले असतील. पोरगी धडधाकट, चारचौघींसारखी असेल, खुशाल नाशिकला जाऊ शकेल. त्याची नजर टेबलावरच्या डब्यावर गेली.

बाईंना विचारायला डोकं ताळ्यावर कुठे होतं? कान कसा लावायचा ते त्याला पाठच होतं.

"ओवी, इकडे ये. पाय पुढे कर."

तिने खिदळत पाय पुढे केला. त्याने डबा तिच्या नडगीला टेकवला, डोळे घट्ट मिटले आणि बटण दाबलं.

शिट्टी वाजली. चोरांच्या विहिरीवर वाजायची तशीच, मोठ्याने. मग तिच्यामागोमाग डब्यातून एक खोल, लांबलचक घरघर आली. ती त्याने आजवर कधी ऐकली नव्हती. चोरांच्या विहिरीवर इंजिनांचा इतका गोंगाट असे, की ती ऐकूच येत नसावी.

"बाबा, पायात मुंग्या आल्या," ओवी म्हणाली आणि पुन्हा पेढा खाऊ लागली.

थोड्या वेळाने बाई परत आल्या. चेहरा उजळला होता. "ऐकलं त्यांनी! हाळी चालू राहणार. तापी-चारच्या सगळ्या कुटुंबांना उद्याच आणतायत."

सुकलालला रडू फुटलं. "देव पावला, मॅडम. हिच्यातही आहेत. मी लावून पाहिलं. वाजला."

"काय लावून पाहिलं?"

त्याने डब्याकडे बोट दाखवलं. बाईंनी डबा पाहिला, मग ओवीला पाहिलं, आणि भिंतीला पाठ घासत त्या खाली जमिनीवरच बसल्या.

"अहो मॅडम, काय झालं?"

"तो नुसता ऐकत नाही," बाई म्हणाल्या. "चोर सापडला तर कोर्टकचेऱ्या किती वर्षं करायच्या? म्हणून मी त्यात सोय केली होती. उत्तर आलं की कानच त्यांना सांगतो... पाडा म्हणून."

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत! पेटंटमध्ये आहे का हे?"

"पेटंट सगळं जग वाचतं, सुकलालभाऊ. आपली युक्ती उघड करायची आणि त्या बदल्यात काही वर्षं ती फक्त आपली, असा तो सौदा असतो. एवढी एकच गोष्ट मी त्यात लिहिली नाही. चोरांना कळू नये म्हणून."

"मग आता हाळी द्या! आत्ता द्या! मी यंत्र लावतो!"

"पाडायला सांगितल्यावर ते हाळी मानत नाहीत. मीच त्यांना तसं केलं. नवे घातले तर जुने त्यांनाही पाडायलाच लावतील."

"तिची स्वतःची हाडं असतीलच ना? देवाने दिलेली?"

"असतील." बाईंनी तोंडावर पदर धरला. "पण पोटात असल्यापासून गवंड्यांनी बांधलंय. त्यात तिचं स्वतःचं किती, मला नाही सांगता येणार. मी काहीतरी शोधते. मी शोधीन." ओवी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मोठी माणसं का रडतायत हे न कळून तिने उरलेला पेढा बाईंपुढे धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाळी नेहमीच्या वेळेला आली. मांडणीवरची ताटं किणकिणली. ओवीच्या खाटेशी रात्रभर बसून राहिलेल्या सुकलालच्या तळपायाला गुदगुल्या झाल्या, नडगीतून काहीतरी सळसळत गुडघ्यापर्यंत चढलं. चुरा त्यानेही जन्मभर चावला होता. भिंतीला टेकलेली वैजयंता रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी पोरीकडे बघत होती.

पांघरुणातून आरोळी आली नाही. जरा वेळाने ओवीने डोळे उघडले.

"बाबा, ताटं तर वाजली," ती गोंधळून म्हणाली. "मग माझ्या पायात काहीच का नाही झालं?"

जमिनीवर उभं राहून बघावं म्हणून तिने खाटेवरून पाय खाली सोडले. तळवे फरशीला लागायच्या आत सुकलालने तिला उचललं, आणि लगेच आपली पकड सैल केली, कारण किती घट्ट धरलेलं तिला चालेल हे त्याला माहीत नव्हतं.