नवव्या डावातला तोकुनागा

हिनाको आणि तोकुनागाची गाठ पडली ती बंदराजवळच्या रामेनच्या, म्हणजे शेवयांच्या सूपच्या, टपरीवर. बाहेर पाऊस कोसळत होता, आत एकच स्टूल रिकामं होतं, आणि दोघांनीही त्यावर एकदमच हात टेकला.

"बसा तुम्ही. मी उभ्यानं खातो," तो ओशाळून म्हणाला.

"बेसबॉल संघाचा पिचर, चेंडू टाकणारा, उभा आणि मी बसलेली? गाव मला जगू देईल का?"

"म्हणजे ओळखलंत!"

"मैदानावर माईकवरून तुमचं नाव मीच तर पुकारते."

"तो आवाज तुमचा? मला वाटलं, साठीच्या काकू असतील!"

हिनाकोला हसता हसता सूपचा ठसका लागला...

मग भेटी होतच राहिल्या. अहोजाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही. प्रेमाचा शब्द मात्र कुणीच काढला नाही. एके दिवशी तोकुनागानं अर्धा वाडगा बाजूला सारला.

"बोटं बधिर होतात गं. चेंडू हातात आहे की नाही, तेच कळत नाही. डॉक्टर म्हणतात, थांब."

"मग थांब ना!"

"रविवारचा सामना खेळतो... मग थांबतो. प्रशिक्षकांना मीच सांगेन."

तिनं खूप विनवलं. तो नुसता हसला.

रविवारी दुपारीच अंधारून आलं होतं, पाऊस भुरभुरत होता. समोरच्या संघाचा डावखुरा पोरगा आग ओकत होता, आणि तोकुनागाही त्याच्यापेक्षा तसूभर मागे नव्हता. डावामागून डाव कोरे गेले. लोक छत्र्या मिटून उभे राहिले. निवेदकाच्या खोलीच्या काचेमागून हिनाकोला मात्र वेगळंच दिसत होतं — प्रत्येक चेंडूनंतर तो उजव्या हाताची बोटं विजारीवर घासत होता, जणू झोपलेल्या कुणाला उठवत होता.

नववा, शेवटचा डाव. दोन गडी बाद झाले. तिसऱ्याला टाकलेला चेंडू त्याच्या बोटांतून निसटला, आणि फटक्यासरशी थेट प्रेक्षकांत जाऊन पडला. होम रन. समोरच्या संघाला एक धाव मिळाली.

प्रशिक्षक मैदानात चालत गेले. हिनाकोनं माईक ओढला.

"पिचर... तोकुनागा यांच्याऐवजी..."

पुढचं नाव तिनं कसंबसं उच्चारलं.

मग गावच्या संघाची शेवटची पाळी आली, पण तिन्ही फलंदाज त्या डावखुऱ्यानं असे गुंडाळले, की बॅटला चेंडू लागलाच नाही. एक-शून्य.

सामना संपल्यावर तो मागच्या जिन्यात बसलेला सापडला. खांद्यावर बर्फाची पिशवी.

"सांगितलं प्रशिक्षकांना," तो म्हणाला. "उद्या इस्पितळ. मग बेटावर, घरी. भावाची कालवांची शेती आहे, एका हातानं जमेल तेवढं करीन."

"आणि मी?"

तो खांद्यावरची पिशवी उगाच सारखी करू लागला.

"इतके दिवस कशाची वाट पाहतोयस? बोल ना!"

"कोणत्या तोंडानं बोलू, हिनाको? हात गेला, उद्या संघही जाईल..."

"चेंडू टाकणारा हात मागितलाय का मी तुझ्याकडे?"

तोकुनागानं मान वर केली. डोळे भरून आले होते.

"पहिल्या दिवसापासून आवडतेस," तो पुटपुटला. "पण आज असं सांगायचं नव्हतं गं... हरून."

ती शेजारी टेकली. त्याचा उजवा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. गार होता, मातीनं माखलेला.

"जाणवतंय?"

त्यानं खूप वेळ त्या हाताकडे पाहिलं.

"नाही."

बाहेर पुन्हा सर आली. तिनं हात सोडला नाही.