जत्रेची अळणी

“वहिनी, नळीत मटणाचा रस्सा सापडलाय. कुणी घातला?”

सांगलीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात दिग्विजयनं हे विचारलं, आणि रेश्माची नजर समोरच्या टेबलाकडं वळली! हंबीररावांच्या पोटातून नुकतीच काढलेली ती नळी स्टीलच्या वाटीत पडली होती... आत पांढरी थिजलेली चरबी, आणि वास तर असा, की खालच्या रिक्षावाल्याला भूक लागावी!

आत तिचे सासरे एकेका श्वासासाठी झगडत होते. हेच हंबीरराव फौजेत सुभेदार होते. त्यांनी पलूसच्या मळ्यातून हाक मारली की ती कुंडलच्या डोंगराला धडकायची आणि परत येताना चुकलेल्या चार म्हशी बरोबर घेऊन यायची, असं गाव अजून शपथेवर सांगतं. अर्धांगवायूनं तो आवाज नेला आणि घास गिळायची ताकदही नेली. तेव्हापासून पोटाला भोक पाडून बसवलेली नळी हेच त्यांचं तोंड झालं, आणि थोरली सून रेश्मा हाच त्यांचा हात. डाळीचं पाणी गाळायचं, पुन्हा गाळायचं, त्यांना उशांना टेकवून बसवायचं, थेंबथेंब सोडायचं आणि शेवटी कोमट पाण्यानं नळी धुवायची... देवाची पूजासुद्धा तिनं इतक्या निगुतीनं केली नसेल!

दिग्विजय तिचा धाकटा दीर. सांगलीतल्या एका कंपनीत तो अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलांचं कोडिंग करायचा. तिकडच्या डॉक्टरनं लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक दुखण्याला, प्रत्येक उपचाराला त्याचा ठरलेला आकडा लावायचा. नळी तुंबली, त्याला एक आकडा. नळीपाशी पू झाला, त्याला दुसरा. जुनी काढून नवी बसवली, त्याला तिसरा. आकडा चुकला की सातासमुद्रापार बिल अडकलं! टेक्ससमधल्या कुठल्या म्हातारीची नळी कितीदा तुंबली हे त्याला तोंडपाठ होतं. पण जन्मदात्या बापाची नळी त्यानं कधी हातात धरली नव्हती.

“बोला की! कारण कळल्याबिगर आमच्यात बिलसुदीक पुढं सरकत न्हाई. हितं तर माझा बाप हाय.”

कारण? कारण रेश्माच्या काळजात निखाऱ्यासारखं जळत होतं...

काल जत्रेचा दुसरा दिवस. घरोघरी बोकड शिजत होतं. रेश्मा माळकरी, मटणाच्या चुलीकडं ती फिरकायचीही नाही. देवळातून ती परत आली, तर सासूबाई धोंडुबाई, ज्यांना ती आत्या म्हणायची, नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या... एका हातात मोकळा वाडगा, दुसऱ्या हातात औषधाची पिचकारी, आणि सुरकुतलेल्या चेहऱ्यावर नव्या नवरीचं तेज!

“अळणी दिली गं त्यास्नी,” त्या म्हणाल्या होत्या. “मीठ-मसाला पडायच्या आदीचा रस्सा आजाऱ्याला कवा बाधलाय? जत्रंला बोकड कापायचं आन् घरच्या धन्यानं नुसतं डाळीचं पाणी प्यायचं व्हय? बघ, सुखानं डोळं भरून आल्यात त्यांचं!”

ते डोळे सुखानं भरले नव्हते. गुदमरून भरले होते! आडव्या माणसाच्या पोटात घाईघाईनं ओतलेला रस्सा वर उसळून छातीत उतरला होता, आणि उरलेला नळीतच थिजला होता. रेश्माला ते एका क्षणात उमगलं. धोंडुबाईंना नाही. गुडघ्यांनी जायबंदी झालेली ती माउली आता गावाकडं दारात डोळे लावून बसली असेल. ज्या हातांनी आयुष्यभर त्यांना भरवलं, त्याच हातांनी त्यांचा घात केला... हे तिला कळलं तर? त्याच रात्री प्राण सोडील ती! नाही... मामंजी वाचोत न वाचोत, आत्यांना हे कळता कामा नये!

“मी घातला, भावजी.”

“तुमी?” दिग्विजयचे डोळे तिच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर खिळले. “तुमी मटणाला हात लावला?”

“त्यांनी डोळ्यांनीच मागितलं... मला न्हाई म्हणवलं न्हाई.”

“मग ही माळ काय गावाला दाखवायला घातलीया?”

तो शब्द तिच्या अंतःकरणात खोल रुतला. तिनं माळ उतरवली, पदराच्या गाठीला बांधली.

“एवढंच करा भावजी... आत्यास्नी कारण सांगू नका. नळी जुनी झाली हुती म्हणा.”

“लाज वाटतीया व्हय सासूची?”

“व्हय... वाटती.”

नवी नळी बसली, पण छातीत उतरलेलं विष कुठली नळी बाहेर काढणार! दिग्विजयनं आईजवळ तोंड उघडलं नाही, इतका शब्द पाळला; पण वहिनीला त्याच दिवशी माहेरी, कोरेगावच्या गाडीत बसवलं. “आण्णांना आता तुमचा हात लागाय नको,” एवढंच बोलला. सीमेवरून तिच्या नवऱ्याचा, जयराजचा फोन आला. “बाप तुझ्या भरवशावर सोडून आलो हुतो, रेश्मा...” पुढं नुसती खरखर, आणि फोन बंद. माहेरी माळकरी आईनं, रंगूबाईनं, तिचा माळ उतरलेला गळा पाहिला आणि एक प्रश्न न विचारता तिचं ताट बाजूला वाढलं. रेश्मानं तेही सोसलं. एक शब्द बोलली असती तर सगळे परत मिळाले असते... पण त्या शब्दाची किंमत एक म्हातारी होती!

आणि हंबीरराव गेले.

माती झाली. मयताच्या घरात चूल बंद, म्हणून सोयऱ्यांनी कडू घासाचं जेवण आणलं. सोप्यात सगळे ताटांवर बसले. रजेवर आलेल्या जयराजनं बायकोकडं एकदाही पाहिलं नव्हतं. मातीसाठी माहेराहून आलेली ती खांबाआड, कोणी परकी असावी तशी, अंग चोरून बसली होती. धोंडुबाई काही केल्या भाकरीला शिवेनात.

“खा गं धोंडू,” शेजारची सुलाबाई म्हणाली, “उपाशी ऱ्हाऊन गेलेला माणूस परत येतो व्हय?”

“मला त्यांचं वाईट न्हाई वाटत, सुले,” धोंडुबाई शांतपणे म्हणाल्या. “उपाशी न्हाई गेलं ते. जत्रंची अळणी माझ्या हातची घेऊन गेलं... वाडगाभर! ही रेश्मा देवळात गेली, तवा गुपचूप घातली मी. हिला इचारलं असतं तर गाळत बसली असती दिवसभर!”



दिग्विजयच्या हातातला घास ताटात पडला. बिचारा! साऱ्या अमेरिकेची कारणं अचूक लावणारा तो, स्वतःच्या घरात कारण चुकला होता. तोंडात पंचा कोंबून तो घरामागच्या परड्याकडं धावला आणि त्याचा हुंदका भिंतीपलीकडून ऐकू आला.

“रडू द्या त्याला,” धोंडुबाई म्हणाल्या. “बापाचा लाडका हुता.”

जयराजनं मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं रेश्माकडं पाहिलं... ओसाड गळ्याकडं, आत गेलेल्या गालांकडं.

“आई... म्हंजी तूच...”

रेश्मानं पदराआडून हात जोडले. तिची नजर त्याला विनवत होती, दरडावत होती... नको! एवढं सगळं ज्यासाठी सोसलं, ते या एका शब्दानं मातीला मिळवू नका!

“काय रं? काय म्हणतोस?” धोंडुबाईंनी विचारलं.

रणात न डगमगलेला तो जवान त्या साध्या प्रश्नापुढं घामानं डबडबला.

“काय न्हाई, आई... लय बरं केलंस म्हणतोय. आण्णा पोटभर जेवून गेलं.”

“मग? मी काय सांगतीया!” धोंडुबाईंनी डोळे पुसले आणि तोंड उघडलं. जयराजनं भाकरी मोडून आईला घास भरवला. मग तो उठला, आणि त्या घरातल्या कुठल्याही पुरुषानं चारचौघांत कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं... खांबाआड जाऊन, सगळ्या सोयऱ्यांदेखत, बायकोसमोर मांडी घातली आणि दुसरा घास तिच्या तोंडाजवळ धरला.

“खा,” तो पुटपुटला. “फोनवर मी जे बोललो, ते...”

“हळू बोला,” रेश्मा म्हणाली. “आत्या ऐकत्यात.”