भरत चाललेला डबा

मी खरं तर भांडायलाच गेले होते.

मी बागेत माळीकाम करते. त्या दिवशी गुलाबाच्या वाफ्यात पुन्हा वापरलेल्या सुया सापडल्या आणि माझं डोकंच फिरलं. उद्या एखाद्या लेकराच्या पायात घुसली म्हणजे? चिमट्याने एकेक उचलली, पत्र्याच्या डब्यात भरली आणि तरातरा निघाले. दवाखान्यामागच्या गल्लीत एक केंद्र होतं. नशेच्या सुया घेणाऱ्यांकडून तिथे जुन्या घेतात आणि नव्या देतात, तेही फुकट! म्हटलं, चांगली खरडपट्टी काढते एकेकाची.

बाहेर भुरभुर पाऊस होता. आत दुधी काचेतून मऊ उजेड येत होता आणि काउंटरमागे तिथे काम करणारा एकजण कापसाचे बोळे रचत बसला होता... इतका शांत, की मी दारातच जरा हळू झाले.

"या ताई. डबा तुम्हीच ओता हं त्या पिवळ्या पेटीत. आम्ही हात लावत नाही."

ओतला. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची नजर माझ्या हातांवर गेली. काट्यांनी ओरबाडलेले हात, कोपरापर्यंत लाल-काळे ठिपके. त्याने काही विचारलं नाही. नव्या सुयांचं पाकीट, कापूस, मलम आणि जुन्या सुया टाकायला झाकणाचा एक डबा पुढे सरकवला, आणि हळूच म्हणाला, "आज जेवलात का?"

झालं! भांडण गेलं कुठल्या कुठे. हा मला सुई घेणारी समजतोय, हे कळत होतं मला. पण इतक्या मायेने कोणी विचारलं, की खरं सांगायला जीभ रेटते का?

"नाव नको," तो म्हणाला, "फक्त हाक मारायला काहीतरी सांगा."

"कुंडी," मी म्हणाले. दुसरं काही सुचेचना!

तो हसला. खळी-बिळी काही नाही, पुढचा एक दात जरासा वाकडा. पण त्या दातावर माझा जीव जडला, आता काय करणार?

नव्या सुया मी घरी थोड्याच ठेवणार होते? बागेतल्या बांबूंच्या आड जी नशा करणारी मंडळी बसायची, त्यांच्या बाकाखाली पाकीट आणि तो डबा ठेवून आले. काही दिवसांनी पाहते तर वाफा स्वच्छ, आणि सुया सगळ्या डब्यात! मला कोण आनंद झाला. डबा घेऊन धावतच केंद्रात गेले.

तिथे सगळे त्याला मास्तर म्हणायचे, कारण तो सतत शिकवायचा. "रोज एकाच जागी टोचायचं नाही," स्वतःच्या दंडावर बोट टेकवून दाखवायचा. "शिरेला विश्रांती द्यायची. आणि एकटीने घ्यायचं नाही, सोबत कोणीतरी हवं."

"तुम्ही याल सोबत?"

त्याचे कान लाल झाले. "मी... मी कामावर असतो. कुंडी, मलम लावत जा बघू."

"आज 'ताई' म्हणायचं राहिलं, मास्तर."

"हो..." तो कापसाकडे बघत म्हणाला, "मुद्दामच राहिलं."

त्या दिवशी मी बागेतल्या झारीने चक्क रस्त्यालाच पाणी घातलं. घरी वहिनी म्हणाली, "वन्सं, गुलाबांसाठी पावडर लावून जाता वाटतं हल्ली?" मी नुसतीच हसले.

बांबूंमागची माणसं डब्याला सरावत गेली. दर खेपेला डबा जास्त भरू लागला आणि मी तो जास्त ऐटीत नेऊ लागले. मास्तरचा चेहरा मात्र दर खेपेला उतरत गेला. एकदा पेटीत सुया पडल्याचा आवाज थांबेचना, तसे त्याने डोळेच मिटले.

"कुंडी... इतकं?" त्याने विचारलं. "रागावत नाही मी. इथे कोणीच रागावत नाही. फक्त... जप."

अगं बाई, हा सगळा डबा माझा एकटीचा समजतोय! खरं सांगावं, तर या दारात यायचं कारणच उरत नाही. न सांगावं, तर तो असाच आतल्या आत झुरणार, आणि इथे येणाऱ्यांत जीव गुंतवायचा नाही असा केंद्राचा नियम. मी पाकीट उचललं आणि भित्र्यासारखी निघून आले.

पुढच्या खेपेला त्यानेच सुरुवात केली. "सोमवारपासून इथे दुसरं कोणी असेल. मी शहराच्या पार पलीकडच्या केंद्रात चाललोय. इथल्या डॉक्टरबाईंकडे मीच बदली मागितली."

मग मात्र राहवेना. मी दोन्ही बाह्या वर केल्या. "हे बघा! काटे आहेत हे, गुलाबाचे. माळीण आहे मी! जन्मात सुई टोचून घेतली ती धनुर्वाताची." आणि बाक, बांबू, वाफे, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

तो स्टुलावर बसला.

"माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, कुंडी," तो म्हणाला. "इथे लोक किती भीत भीत खरं सांगतात, ठाऊक आहे तुला? आणि तू..."

"चुकलं माझं." मला रडूच फुटलं. "पण मास्तर, बरंच झालं ना? मी तसली नाही. आता तर काही अडचणच नाही तुम्हाला..."

"अडचण तेव्हा तरी कुठे होती?"

मी बाह्या खाली ओढता ओढता थांबले.

"मी इथे राहिलो असतो, तर एक दिवस बोलून गेलो असतो," तो म्हणाला. "मग तुला इथे यायचा संकोच वाटला असता, आणि तू नव्या सुया घ्यायचंच सोडलं असतंस. म्हणून मीच बाजूला होत होतो. तू बरी झाली असतीस, नसतीस झाली... मी वाट बघणार होतो."

मला वाटलं होतं, हे ठिपके काट्यांचे आहेत एवढं कळलं की तो माझा होईल. वेडी कुठली! त्या डब्यातली एकेक सुई माझी समजूनही तो केव्हाच माझा झाला होता. मी नाक पुसलं, आणि आतल्या खोलीच्या दारातून डॉक्टरबाई बघत असताना काउंटरवरून त्याचा हात धरला.