चालठसा

शर्वी चार-पाच पावलं नीट चालली, थबकली आणि मान डावीकडे वळवून मागे बघू लागली.

"पुढे बघ गं," ऋजुता वैतागून म्हणाली. उपचारकेंद्रात आल्यापासून लेकीचं हेच चाललं होतं.

"मी नाही बघत. मान बघते," सहा वर्षांची शर्वीही तितकीच वैतागली होती.

सेरेब्रल पाल्सीत मूळ दुखणं पायांत नसतं. जन्माच्या आसपास मेंदूला इजा होते आणि त्याचे हुकूम स्नायूंपर्यंत गोंधळून पोचतात. पूर्वी वर्षानुवर्षं ताण द्यायचे, पट्ट्या बांधायचे, धरून उभं करायचे. आता चालठसा आला होता. घरातल्या निरोगी माणसानं सेन्सरचा पोशाख घालून चालायचं; कुठला स्नायू कधी, किती आवळतो, तो क्रम पोशाखात उतरायचा. मग तोच क्रम बारीक विद्युतस्पंदनांनी मुलाच्या स्नायूंना द्यायचा, त्याच्या मेंदूला तो आपलाच वाटू लागेपर्यंत. शर्वीला आईचा ठसा दिला होता. आता ती पोशाखाशिवायही चालत होती.

"यंत्रच बिघडलंय तुमचं," ऋजुता म्हणाली.

केंद्रातल्या डॉ. इनामदारबाईंनी पडद्यावर ऋजुताचा मूळ ठसा लावला. एक राखाडी बाई चार-पाच पावलं चालली, थबकली, मान डावीकडे वळवून मागे बघू लागली.

"मोकळ्या मैदानात एकटीनं चाला, असं सांगितलं होतं ना?"

"हिला कुणाच्या गळ्यात घालू? घरीच गॅलरीत चालले. ही मागे चटईवर होती. लाळ घशात जाऊन ठसका लागतो हिला. बघायला नको?"

"तेच उतरलंय."

"मग तेवढं बघणं पुसा."

"सुटं पुसता येत नाही. पाऊल आणि मान एकाच क्रमात विणली गेलीत. पुसलं तर चालणंही जाईल. आणि दुसरा ठसा धरेलच, असं मी सांगू शकत नाही."

सहा वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं आणि चूक काय निघाली, तर जास्त बघितलं. ऋजुताला रडूही येईना.

"राहू दे. चालतेय ना."

"नुसत्या मानेचं असतं, तर मीही हेच म्हणाले असते. तुमचं श्वास रोखणं, खांदे ताठणंही उतरलंय त्यात. अंग असं सारखं आवळलं, की मन भीतीला कारण शोधत बसतं, ऋजुता."

ऋजुतानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती दारापाशी जाऊन हात पसरून उभी राहिली. "ये, शर्वी. घरी जाऊ."

शर्वी निघाली. टाच, चवडा, टाच, चवडा, अगदी सुरेख. मग थबकली. मान वळली. या वेळी ऋजुतानं लेकीच्या नजरेचा माग घेतला. ती नजर भिंतीकडे नव्हती. खाली, रिकाम्या फरशीवर होती, चटईवर निजलेलं मूल जिथे असेल तिथे.

"आई," मागेच बघत शर्वीनं हळूच विचारलं, "मी तिथे कुणाला ठेवून आले गं? श्वास घेतंय ना ते?"