दुसऱ्या अंतऱ्यानंतरचा चहा

मिरजेच्या नादयंत्र प्रयोगशाळेत टेबलावर एक शबनम पिशवी ठेवली होती आणि उस्मान मुजावर तिच्याकडे संशयाने बघत होते.

अठ्ठावन्न वर्षांचे उस्मानचाचा गेली बावीस वर्षं गायिका इंदुमती भोसेकर यांना कीबोर्डची साथ करत होते. त्यांचा सरंजाम म्हणजे अख्खं बिऱ्हाडच. चार पेट्या, दोन स्टँड, वायरींची भेंडोळी, आणि जोडायला पाऊण तास. शेवटी बाईंनी साफ सांगितलं होतं, "उस्मानभाई, सगळं एका पिशवीत बसवा. तीन महिन्यांनी सांगलीचा कार्यक्रम आहे. तिथे जमलं तर गोव्याच्या दौऱ्याला तुम्ही, नाहीतर मी दुसरा वादक बघते." तेव्हापासून चाचांना जेवण गोड लागत नव्हतं.

ध्वनिशास्त्रज्ञ डॉ. केतकी हर्डीकर यांनी पिशवीतून घडीचा कीबोर्ड काढून चटईसारखा उलगडला. छत्रीच्या काठीचा स्टँड झाला. लाडवाएवढे चार बिनतारी स्पीकर निघाले.

"अडीच किलो," केतकी म्हणाली. "एकच अडचण आहे, चाचा. बिनतारी असल्यामुळे नादविलंब होतो. बोट पडल्यावर सूर सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने उशिरा येतो."

"तेवढ्यात बाई दोन मुरक्या घेऊन घरी परततात, बेटा."

"म्हणून यात पूर्वनाद यंत्रणा बसवली आहे. ती तुमच्या तालमी ऐकणार. बाई काय गातात, त्यावर तुम्ही काय वाजवता, कुठे थांबता, सगळं पाठ करणार. मग कार्यक्रमात तुमचं बोट पडायच्या आधीच ती सूर धाडेल. बोट आणि आवाज एकदम जुळतील."

"आणि मग बोट खरंच पडलं की?"

"तो सूर ती दाबून टाकते. नाहीतर प्रत्येक सूर दोनदा ऐकू येईल."

चाचांनी जरा विचार केला. "म्हणजे मी काय वाजवणार हे ती ठरवणार."

"ठरवणार नाही. ओळखणार."

हा फरक चाचांना काही पटला नाही, पण गोवा डोळ्यांसमोर होता.

तीन महिने बाईंच्या दिवाणखान्यात तालीम झाली. बाईंची रीत पक्की होती. त्यांचं गाजलेलं विरहगीत दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत यायचं, की शेवटचा आलाप "कार्यक्रमासाठी राखून ठेवते" म्हणून त्या थांबायच्या. चहा यायचा. चहा झाला की पुन्हा मुखड्यापासून सुरुवात. नव्वद तालमींत एकदाही यात बदल झाला नाही. बिचारं यंत्र मन लावून शिकत होतं.

सांगलीचं नाट्यगृह गच्च भरलं. चाचांनी पाच मिनिटांत मांडामांड केली तेव्हा बाईंनी मान डोलावली, आणि चाचांचा जीव भांड्यात पडला. विरहगीत रंगलं. दुसरा अंतरा संपला. बाईंनी डोळे मिटून राखून ठेवलेला आलाप सुरू केला, चाचांनी पट्टीवर बोटं ठेवली, आणि आवाजच आला नाही.

त्यांनी परत दाबलं. जोर लावून दाबलं. चिडीचूप. पहिल्या रांगेत केतकीच्या कपाळाला घाम आला, कारण तिला लख्ख उमगलं होतं. यंत्राच्या हिशेबी ही चहाची वेळ होती. चाचा आत्ता वाजवणं शक्यच नाही, म्हणून सूर धाडायचे नाहीत. आणि खरी बोटं पडत होती, त्यांचे सूर नेमाने दाबून टाकले जात होते.

चाचांनी हात मांडीवर घेतले. संपलं सगळं, त्यांना वाटलं. नुसत्या तबल्यावर बाई अकरा मिनिटं गात राहिल्या. बावीस वर्षांत चाचांनी त्यांना असं मोकळं कधी ऐकलंच नव्हतं, कारण ते कायम वाजवत होते. त्यांचे डोळे भरून आले. मग बाई मुखड्यावर आल्या, आणि चहा झाला असं समजून यंत्र पहिल्याच सुराला हजर झालं. नाट्यगृह उभं राहिलं.

"उस्मानभाई," विंगेत बाई म्हणाल्या, "गोव्याला तुम्हीच. कुठे थांबायचं हे आज तुम्हाला कळलं."

चाचांना खोटं पचत नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं. केतकीने मान खाली घातली. "हा दोष मी उद्याच काढते."

"हात लावू नकोस त्याला," बाई म्हणाल्या. "म्हणजे तालमीत जिथे चहा, तिथे कार्यक्रमात शांतता?"

"हो," केतकी म्हणाली.

गोव्याची तालीम सोमवारी सुरू झाली. पहिल्या ओळीनंतर चहा आला. पहिल्या अंतऱ्यानंतर चहा आला. दुसऱ्या अंतऱ्याआधी कॉफी आली, आणि तिच्यामागे खारी.

"घ्या ना, उस्मानभाई," बाई अगदी मायेने म्हणाल्या. "दमला असाल."

चाचांनी बाईंकडे पाहिलं, मग पट्टीवर लुकलुकणाऱ्या, मन लावून शिकणाऱ्या त्या छोट्या दिव्याकडे पाहिलं. कप त्यांनी डाव्या हातात घेतला.

उजव्या हाताने ते वाजवत राहिले.