चौथा गॉगल

मावशीला बाबांच्या दातांच्या क्लिनिकवर न्यायचं, एवढंच काम होतं. दुपारचे अडीच वाजले होते. जेवणानंतरच्या त्या तासात बाबा कुणाला वेळ देत नाहीत, पण घरच्या माणसाला त्याच तासात बसवतात. घरच्यांचं काम त्यांना नेहमीच उरलेल्या वेळेत करायचं असतं.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. शाळेत भाषा शिकवते, आणि तिची जीभ शाळा सुटल्यावरही तास घेत असते. त्याच जिभेच्या उजव्या कडेला दोन महिन्यांपासून एक पांढरा चट्टा होता. दुखत नव्हता. जे दुखत नाही त्याचीच मला भीती वाटते.

“काय गं अर्धे डॉक्टर,” जिना चढताना ती म्हणाली, “भावजी म्हणतात, पाच मिनिटांचं काम. लेसर मारला की गेला.”

“गेला की मग तपासणार काय?”

“तू ना, कॉलेज सोडलंस पण परीक्षक राहिलीस.”

दातांच्या कॉलेजातून मी तिसऱ्या वर्षी बाहेर पडले. लोक कारण विचारतात, तर सांगून टाकते. आईच्या डाव्या गालाच्या आत असाच चट्टा आला होता. असा चट्टा दिसला की आधी त्याचा तुकडा कापून लॅबला पाठवायचा, हे मी तेव्हा नुकतंच शिकले होते. बाबांना तसं म्हणाले. ते म्हणाले, “वीस वर्षं लोकांची तोंडं बघतोय मी. दाढ घासते तिथे.” आणि नव्याकोऱ्या लेसरने त्यांनी तो उडवला. ना रक्त, ना टाका. उडवलेल्या चट्ट्याचा धूर होतो, आणि धूर लॅबला पाठवता येत नाही. चट्टा परत आला, त्यांनी परत उडवला. तिसऱ्या खेपेला मानेत गाठ आली. आई गेल्यावर बाबा भेटेल त्याला सांगत सुटले, नशीब तिचं. नशीब! मी पुस्तकं त्यांच्या टेबलावर ठेवली आणि कॉलेजला परत गेले नाही. क्लिनिकमध्ये मात्र रोज जाते, मदतीला. त्यांच्या हातांकडे कुणीतरी बघत राहायला हवं.

लेसरची खोली लहान आहे. खुर्ची, पायाशी पेडल, आणि डब्याएवढं ते यंत्र. त्यातून केसासारखी बारीक तार निघते आणि तिच्या टोकाशी लाल ठिपका चमकतो. दाराच्या चौकटीला एक बटण आहे. दार उघडं असलं की यंत्र चालत नाही. भिंतीवर चार खुंट्या, चार हिरवे गॉगल. त्या उजेडाने डोळा जातो, म्हणून खोलीतल्या प्रत्येकाने गॉगल घालायचा. आई मदतीला असायची तेव्हा तिनेच पद्धत पाडली होती. किल्ली फिरवण्याआधी ती विचारायची, “डोळे?” आणि एकेकाने म्हणायचं, “झाकले.” सगळ्यांचं झालं की ती पेशंटचा हात हातात घ्यायची, आणि मगच बाबांनी पेडल दाबायचं.

आता विचारायचं काम माझं. हात मी धरत नाही. माझ्या दोन्ही हातांत धूर ओढायची नळी असते.

गॉगल घातला की खोली पाण्याखाली जाते. भिंती हिरव्या, बाबांचा कोट हिरवा, मावशीचे दात शेवाळलेले. आवाजही लांबून आल्यासारखे वाटतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. तेवढा वेळ कुणाचाच चेहरा ओळखीचा नसतो.

“बाबा, आधी तुकडा काढा,” मी म्हणाले.

“सुरू झाली हिची शाळा.”

“बाबा.”

“डोळे विचार.”

“डोळे?”

“झाकले,” बाबा.

“झाकले,” मावशी.

“झाकले,” मी.

आणि मग, अगदी हलक्या आवाजात, दाराकडून... “झाकले.”

मावशी हसली. “भावजी, तुम्ही दोनदा बोललात.”

बाबांनी पेडल दाबलं. यंत्राने एक सूर काढला आणि पडद्यावर अक्षरं आली : दार उघडं आहे.

मी वळून पाहिलं. दार बंद होतं. जाऊन ढकललं, कडी घट्ट बसलेली. परत येताना भिंतीकडे नजर गेली. खुंट्या चारही रिकाम्या होत्या.

“वायर सैल झाली असेल,” बाबा म्हणाले. “परत.”

परत पेडल. परत तीच अक्षरं. एखादं माणूस उंबऱ्यात उभं राहिलं, आत की बाहेर ठरत नसलं, की दार जसं लागत नाही, तसं.

मग वास आला. जळक्या केसांसारखा, त्यात किंचित गोडसर. हा वास मला पाठ आहे. लेसर चालला की येतो. पण लेसर चाललाच नव्हता.

मावशी डोळे मिटून पडली होती. तिची बडबड थांबली होती. शाळेची घंटा झाल्यावर वर्ग शांत व्हावा तशी ती शांत झाली होती.

“तुझा हात किती गार आहे गं...” ती झोपेत बोलल्यासारखी म्हणाली. “पण बरं वाटतंय. सोडू नकोस.”

माझे दोन्ही हात नळीवर होते. बाबांनी ते पाहिलं. मग त्यांनी मावशीच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो खुर्चीच्या कडेला हवेत उचललेला होता, बोटं कशाभोवती तरी वळलेली.

बाबांनी गॉगल काढला. पुसला. परत घातला. परत काढला.

“मला वाटलं होतं, दाढच घासते...” ते म्हणाले. कुणाला, ते मी विचारलं नाही. बापाला पहिल्यांदाच चुकलेल्या माणसाच्या आवाजात बोलताना ऐकत होते. मध्ये कशाला तोंड घालू?

“ब्लेड दे,” ते म्हणाले. “आणि बाटली.”

त्यांनी यंत्राची किल्ली काढून खिशात टाकली. भुलीचं इंजेक्शन दिलं, ब्लेडने चट्ट्याचा गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा कापला, रक्त पुसलं, दोन टाके घातले. तुकडा मी स्वतः चिमट्याने बाटलीत सोडला, झाकण लावलं, लेबल लिहिलं : जिभेची उजवी कड, नमुना एक. निघताना गॉगल मोजले. चौथा त्याच्या खुंटीवर होता. काच आतून धुरकटलेली होती, घालणाऱ्याने नुकताच श्वास सोडल्यासारखी.

आठवड्याने रिपोर्ट आला. बाबांनी तो उभ्यानेच वाचला आणि मग माझ्याकडे सरकवला.

मिळालेले नमुने : दोन.

पहिला जिभेचा. पेशी बिघडायला नुकती सुरुवात झालेली. चट्टा पूर्ण कापून काढावा, वेळ आहे. मी हे वाक्य तीनदा वाचलं. वेळ आहे. मावशीला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, “म्हणजे अजून खूप बोलायचंय मला!” आणि रडली.

“तू बाटलीत दुसरं काही टाकलं होतंस?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“नीट आठव.”

“एकच होता, बाबा. तुम्हीच कापलात.”

ते खाली बसले. मी पुढचं वाचलं. दुसरा नमुना गालाच्या आतल्या बाजूचा. कर्करोग, खोलवर गेलेला. खाली लॅबच्या डॉक्टरांनी पेनने एक ओळ लिहिली होती : या तुकड्याच्या कडा लेसरने जळलेल्या असल्याने नेमकं सांगणं अवघड, पुढच्या वेळी कृपया ब्लेडने कापून, लवकर पाठवावा.