पटावरची गुंज

"आई, डोळे उघड... आई, इकडं पाहा गं!" सरस्वतीच्या चिमटीतली साखर अर्धी वेंकूबाईंच्या ओठांवर पडली, अर्धी पदरावर सांडली. केळीच्या पानावरचा भात तसाच होता, कपाळावर घाम डवरला होता, आणि सत्तरीची ती माऊली लेकीकडे अशी पाहत होती, की ही समोरची बाई कोण हे तिला आठवतच नव्हतं...

डॉक्टर येऊन ग्लुकोज चढवून गेले. दुपार टळायच्या आत वेंकूबाई उठून बसल्या आणि "सारात मीठ जास्ती होतं" म्हणाल्या, तेव्हा कुठे घरातल्यांचा जीव भांड्यात पडला. पण जाता जाता डॉक्टरांनी विचारलं होतं, मधुमेहाची गोळी चुकून दोनदा दिली गेली का? आणि गोळी देण्याचं काम एकट्या सरस्वतीचं होतं.

"अक्का, दोनदा दिलीस काय?" धाकटा भाऊ साईराम विचारत होता.

सरस्वतीने मनात शोधलं. सकाळ आठवली, पाहुणे आठवले, टीव्हीचा गोंगाट आठवला. पण गोळी एकदा दिली की दोनदा, हे काही शपथेवर सांगता येईना. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं, हिला तेवढाही आधार नव्हता.

"दिली असेन," ती म्हणाली.

हीच सरस्वती एके काळी तंजावरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, आणि तेही असं, की फळ्याकडे पाठ करून आकडेमोड तोंडी सांगायची. वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. चालून आलेली दोन स्थळं तिने परतवली, साईरामला इंजिनिअर केलं, त्याचं लग्न लावलं, आणि मग तीन वर्षांपूर्वी एक साधा ताप आला. ताप आठवड्यात गेला, थकवा मात्र मुक्कामाला राहिला. जिना चढला की दोन दिवस अंथरूण, आणि अंगाबरोबर डोकंही दमलेलं! वाक्य बोलता बोलता शब्द निसटायचा, दोन माणसं एकदम बोलली की काहीच कळेनासं व्हायचं. तिरुच्चीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तापानंतर काहींना असं होतं, औषध नाही, शक्ती बेतानं वापरा. नोकरी सुटली. रक्ताच्या साऱ्या तपासण्या चांगल्या आल्या, म्हणून साईरामने एकदा चिडून "सोंबेरी" म्हटलं होतं. आळशी! ज्याच्या फीसाठी तिने एका साडीवर वर्ष काढलं, त्याने म्हणावं हे...

तिने आपला मार्ग शोधला होता. माजघराच्या खिडकीत आजीच्या वेळची पल्लांगुळी पडून होती, दोन ओळींत सात-सात खळग्यांचा लाकडी खेळ. रोज सकाळी ती वरच्या ओळीत एकेक चिंचोका ठेवी. तुळशीला पाणी, दूध, देवाचा दिवा, गोळी... अशी सात कामं. काम झालं, की चिंचोका खालच्या घरात. गोळीच्या घरात मात्र चिंचोका नव्हता, लालभडक गुंज होती, कारण ते काम चुकवून चालणार नव्हतं. डोक्याने लक्षात ठेवायचं ते पट लक्षात ठेवी. तीन वर्षांत गोळी एकदाही चुकली नव्हती. पण हे गुपित तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. भावजय नंदिता तर समजत होती, की अक्का दिवसभर एकट्याच खेळत बसतात.

आता साईरामला मद्रासला मोटारींच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली होती. महिनाअखेरीस त्याने जायचं, घर मिळालं की नंदिताने, आणि वेंकूबाईंनी तंजावरलाच लेकीजवळ राहायचं, असं ठरलेलं होतं. पण त्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, ते सगळं मोडलं.

"आईला मी मद्रासला नेतों. तू ओरत्तनाडला मावशीकडे राहा," साईराम मान खाली घालून म्हणाला. "तुझ्याच्यानं होत नाही अक्का. राग धरू नको."

आयुष्यभर ज्या आईसाठी झिजलो, तिच्या औषधालाही आपला हात नको... सरस्वती उठून माजघरात गेली आणि झोपाळ्याखाली तिच्या पायाला काहीतरी टोचलं. वाकून पाहिलं, तर गुंज!

ती तिथेच खाली बसली. सकाळी पाहुण्यांच्या गडबडीत ती पुन्हा पटाशी आली, तेव्हा वरची साती घरं भरलेली होती. दूध तापवलेलं दिसत होतं, तुळशीची माती ओली दिसत होती, तेव्हा तिला वाटलं, कामं झाली आणि चिंचोके सरकवायचे आपणच विसरलो. पण पोटात गेलेली गोळी कुठे दिसते? म्हणून तिने ती दिली होती. आता आठवलं, त्या घरातून तिने साधा चिंचोका उचलला होता. कामं उरकल्यावर कोणीतरी पट सांडला होता आणि सगळं पुन्हा वरच्या ओळीत मांडून ठेवलं होतं, गुंजेच्या जागी चिंचोका घालून. पापनाशमहून नंदिताच्या माहेरची माणसं येणार म्हणून सकाळी माजघर झाडलं होतं, ते तिनेच.

म्हणजे तिची चूक नव्हती! एक हाक मारली असती, तर सगळं निस्तरलं असतं. पण दारातून तिला नंदिता दिसली, सासूचे पाय चेपत, रडून डोळे सुजलेली. लग्नाला जेमतेम चार वर्षं झालेली पोर. साईरामची जीभ कशी चालते हे सरस्वतीइतकं कोणाला ठाऊक होतं? शिवाय, पटाचं गुपित लपवलं कोणी? तिने गुंज पदराच्या गाठीत बांधून टाकली.

चौथ्या दिवशी ती ट्रंक भरत होती. नंदिता वाळलेल्या साड्या घेऊन आली, आणि साड्यांवर ठेवलेला पट बघून थबकली.

"अक्का, हा खेळ पण नेता काय?"

"खेळ नव्हे गं." आता जायचंच होतं, तेव्हा लाज कोणाची? सरस्वतीने घराघरावर बोट ठेवून सांगितलं. गुंजेच्या घराशी आली तेव्हा नंदिताच्या हातातल्या साड्या खाली पडल्या होत्या.

"शुक्रवारी माझ्या हातून सांडला तो... सकाळी तुम्ही वरच मांडता, म्हणून मी तसाच मांडला, एक कमी पडला तो स्वयंपाकघरातला चिंचोका घातला..."

"मला ठाऊक आहे. गुंज सापडली मला, त्याच सांजेला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय, तुमच्या दोघांच्यात कायमची अढी पडली असती. आणि पोरींना बीजगणित शिकवलेली मी, सात कामं चिंचोक्यांवर मोजतें, हे सांगायला जीभ उचलली नाही गं. थोडी चूक माझीही आहे."

नंदिता तशीच बाहेर गेली. सरस्वती "अगं, थांब" म्हणेपर्यंत तिने टीव्ही बंद केला होता आणि नवऱ्यासमोर उभं राहून सगळं सांगून टाकलं होतं. साईराम आत आला, ट्रंकेजवळ मांडी घालून बसला आणि एकेक साडी बाहेर काढू लागला.

"सोंबेरी म्हटलं होतं मी तुला," तो हातातली साडी डोळ्यांना लावत म्हणाला. "अक्का, तू मला एक थोबाडीत तरी मारायची होतीस!"

"ते काम पटावर नव्हतं," सरस्वती म्हणाली, आणि मग मात्र तिलाही रडू आवरेना.

"रडून झालं असेल तर कोणी कॉफी देतं काय?" वेंकूबाईंनी बाहेरून विचारलं. "आणि ओरत्तनाडला कोणी जात नाही. मी हे घर सोडीत नाही, माझी गोळी माझी लेकच देईल."

दुसऱ्या दिवशी सरस्वती उठून खिडकीशी आली, तर पट आधीच मांडलेला होता. शेजारच्या वाटीत त्या दिवसाची एकच गोळी काढून ठेवली होती, म्हणजे दुसरी चुकून द्यायचीच सोय उरली नव्हती. गुंज आपल्या घरात होती. तुळशीचं आणि दिव्याचं घर मात्र रिकामं होतं. ती कामं नंदिताने उरकली होती. शेवटच्या घरात कपडे वाळत घालण्याचा चिंचोका असे, पण कपडे तर दोरीवर वाळतही आले होते.

"मग हा चिंचोका कशाचा?"

"तुमच्या पडण्याचा," नंदिता चुलीपासूनच म्हणाली. "जेवणाअगोदर अर्धा तास. सरकला की नाही ते मी बघणार आहे."

तीन वर्षं ती पडत आली होती ती दार लोटून, कोणी हाक मारली की दचकून उठत. त्या दिवशी तिने दार उघडंच ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत चटईवर अंग टाकलं. अर्ध्या तासाने उठून तिने तो चिंचोका खालच्या घरात ठेवला.